रणगाड्यांची गरज मोजायला बसताना

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला किती रणगाडे लागत होते, हा विषय छान निवडलात. ब्रिटिश चिलखती डिव्हिजनच्या (रणगाड्यांच्या मोठ्या सैन्यतुकड्यांच्या) संख्येला प्रत्येकीच्या रणगाड्यांनी गुणलं की झालं, असं बहुतेक नवख्यांना वाटतं. तिथे थांबू नका.

- पायदळासोबतच्या टँक ब्रिगेड (रणगाड्यांच्या छोट्या तुकड्या) वेगळ्या धरा.
- प्रशिक्षण आणि राखीव साठा मिळवा. कव्हेनंटर हे ब्रिटिश रणगाडे १,७०० हून जास्त बनले, पण जवळजवळ सगळे प्रशिक्षणातच वापरले गेले. त्यामुळे उत्पादनाचा आकडा म्हणजे लढाऊ ताकद समजू नका.
- झीज दरमहा मोजा. बंद पडलेला प्रत्येक रणगाडा कायमचा गेलेला नसतो. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातून कितीतरी ओढून आणून दुरुस्त केले.

सोव्हिएत रशियाला दिलेले व्हॅलेंटाइन, माटिल्डा हे ब्रिटिश रणगाडे मिळवा; अमेरिकेकडून आलेले रणगाडे वजा करा. सुट्या भागांचं गणित मोठं आहे, ते नंतर. आधी फक्त १९४२ घ्या: ऑक्टोबरात इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईत अमेरिकी शर्मन रणगाडे उतरले, आयातीचा परिणाम तिथे स्पष्ट दिसेल.