ड्यूटी-फ्रीची बाटली स्वस्त पडते का?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दुबईहून मुंबईमार्गे नागपूरला परतणार आहोत. व्हिस्की दुबईत घ्यावी की मुंबईत उतरल्यावर? तीन बाटल्या चालतील का?

उत्तर : आधी तीन बाटल्यांचं बघू. सवलत लिटरवर मोजतात, वाइन-बिअर सगळं धरून माणशी २ लिटर. ७५० मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर, एकाच्या नावावर बसणार नाहीत. आणि ‘दोघांचे मिळून ४ लिटर’ असा हिशेब कस्टम्स धरत नाही. ज्याची सवलत त्याची. म्हणून बिलं वेगळी करा आणि एक लिटरच्या दोन-दोन घ्या. दुबईत घेतलेली आणि मुंबईत उतरून घेतलेली, दोन्ही याच २ लिटरमध्ये मोजली जातात.

आता भाव. ड्यूटी-फ्रीमध्ये बाटली बहुतेक लिटरची, आपल्या दुकानात ७५० मिलीची. समजा तिकडे १६५ दिरहम आणि इकडे ३,३०० रुपये. दिरहमला २५ रुपये धरले तर ४,१२५. महाग वाटते ना? पण इकडचा लिटरचा भाव ४,४०० पडतो, म्हणजे २७५ रुपये वाचले. थांबा, अजून कार्ड बाकी आहे. बँक परकीय चलनावर ३.५ टक्के लावत असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के, म्हणजे १७० रुपये गेले. उरले १०५. एवढ्यासाठी काच सांभाळत यायची का, ते तुम्ही ठरवा. महागड्या सिंगल माल्टवर मात्र फरक चांगला पडू शकतो, कारण इकडच्या किमतीत कराचा वाटा मोठा असतो.

काउंटरवर ‘रुपयांत पैसे भरू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, दिरहमच सांगा. रुपयांचा तो दर दुकानाच्या बाजूचा असतो. ‘फक्त प्रवाशांसाठी’ असं लिहिलेल्या बाटलीपासूनही जरा जपून. ती बाहेर मिळतच नाही, मग तुलना कशाशी करणार? त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर व्हिस्की किती वर्षांची तेही छापलेलं नसतं.

तुम्हाला पुढे नागपूरचं विमान आहे, म्हणून मुंबईत घेतलेलं सोयीचं. सामान सहसा मुंबईतच पट्ट्यावरून घ्यावं लागतं. ते पुन्हा सोपवण्याआधी बाटल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. हातातल्या बॅगेत राहिल्या तर देशांतर्गत सुरक्षा तपासणीत अडकू शकतात. २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत चालते, पण बाटली कंपनीच्या सीलबंद पॅकिंगमध्येच हवी.

प्रश्न : परफ्यूमचे गिफ्ट सेट फायद्याचे असतात का?

उत्तर : मिलीचा भाव काढा. सेटमधलं लोशन आणि १० मिलीची छोटी बाटली तुम्ही एरवी विकत घेतली असती का? नसेल तर त्यांची किंमत शून्य धरा. खोक्यावर ‘ओ द तॉलेत’ आहे की ‘ओ द पार्फ्यूम’ तेही बघा. नाव आणि बाटली सारखीच दिसते, पण पहिल्यात अर्क कमी असतो आणि वास सहसा लवकर उडतो. इकडच्या ऑनलाइन सेलमधला भाव निघण्याआधीच फोनवर टिपून ठेवा.

प्रश्न : आणि चॉकलेट?

उत्तर : त्यावर दारूएवढा कर नसतोच, तर सुटणार काय? वजन आणि मुदत बघून शहरातल्या सुपरमार्केटमधून घ्या.