मूल पुण्यात, किंडरगेल्ड म्युनिकच्या खात्यात

प्रश्न: मी म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, नोकरी करतो. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची देखभाल करायला पत्नी आमच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जून 2024 मध्ये पुण्याला गेली. सात-आठ महिन्यांत परतायचे ठरले होते, म्हणून इथल्या किंडरगार्टनमधली जागा फेब्रुवारी 2025 पर्यंत शुल्क भरून राखली. पुण्यात मुलाला सीनियर केजीत घातले. एप्रिल-मे 2025 ची सुट्टी दोघांनी म्युनिकमध्ये काढली. 4 जूनला ती परत गेली आणि मुलाने पुण्यात पहिलीत प्रवेश घेतला. इथल्या शाळेकडून विचारणा झाल्यावर मी डिसेंबरमध्ये रहिवासी नोंदणी कार्यालयात त्याचे स्थलांतर कळवले व तारीख जून 2024 लिहिली. आता किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा मासिक सरकारी भत्ता, देणाऱ्या फामिलियनकासे या कार्यालयाने 19 जानेवारी 2026 च्या पत्राने जुलै 2024 ते डिसेंबर 2025 या काळातले किंडरगेल्डचे 4,560 युरो परत मागितले आहेत. मी इथे पूर्ण कर भरतो आणि पैसे मुलावरच खर्च झाले आहेत. पत्र माझ्या हाती 31 जानेवारीला पडले. मे महिन्यात दोघे परत येत आहेत. काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम तारीख पाहा, कारण बाकी सगळे तिच्यावर अवलंबून आहे. हरकतीची एक महिन्याची मुदत आपण पाकीट उघडले त्या दिवसापासून मोजली जात नाही. साध्या टपालाने पाठवलेले निर्णयपत्र, 2025 पासूनच्या नियमानुसार, टपालात टाकल्यापासून चौथ्या दिवशी पोहोचले असे कायदा गृहीत धरतो. पत्र 19 तारखेलाच टपालात पडले असेल तर तो दिवस 23 जानेवारी येतो आणि आपली मुदत सोमवार, 23 फेब्रुवारीला संपते. हरकत, जिला तिथे आइनश्प्रुख म्हणतात, विनाशुल्क असते. ‘या निर्णयाविरुद्ध मी हरकत घेत आहे, कारणे स्वतंत्रपणे देईन’ एवढे एक वाक्य जर्मनमध्ये लिहून संदर्भ क्रमांकासह या आठवड्यातच पाठवा आणि पोच जपून ठेवा.

आता आपले दोन युक्तिवाद. आपण कर भरता हे खरे आहे, आणि ब्लू कार्डधारक म्हणून आपण स्वतः किंडरगेल्डला पात्रही आहात. परंतु कायदा पालकाबरोबर मुलाकडेही पाहतो, आणि ज्या मुलाचे निवासस्थान किंवा नेहमीचे वास्तव्य जर्मनीत अथवा युरोपीय संघ व युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या देशात नाही, त्याची गणनाच या लाभासाठी होत नाही. आपल्या शेजारच्या टेबलावरच्या पोलिश सहकाऱ्याला पोलंडमध्ये राहणाऱ्या मुलासाठी हा लाभ मिळू शकतो आणि आपल्याला मिळत नाही, यामागे भेदभाव नसून युरोपीय कायदा आहे. भारत व जर्मनी यांच्यात 1 मे 2017 पासून लागू असलेला सामाजिक सुरक्षा करार निवृत्तिवेतनासंबंधी आहे, त्यात किंडरगेल्ड येत नाही. पैसे मुलावर खर्च झाले, हा बचाव तर तिथे मुळीच चालत नाही. करकायद्यानुसार विनाहक्क मिळालेली रक्कम, ती कशीही खर्चलेली असो, परत करावी लागते. हरकतीत हे दोन्ही मुद्दे लिहू नका, त्यांनी खरा मुद्दा झाकला जातो.

खरा मुद्दा असा, की मुलाचे म्युनिकमधले निवासस्थान नेमके कधी संपले? नोंदणी कार्यालयातली तारीख हा पुरावा आहे, पण निर्णायक नाही. कायद्याच्या दृष्टीने निवासस्थान म्हणजे असे घर, जे माणूस राखतो व वापरतो आणि पुढेही राखील व वापरील असे परिस्थितीवरून दिसते. परदेशातला मुक्काम मुळातच वर्षभराच्या आतला ठरलेला असेल तर केवळ त्या गैरहजेरीमुळे ते संपत नाही, असे न्यायालये सामान्यतः मानतात. मुक्काम त्याहून लांबला की प्रश्न कठीण होतो. म्युनिक इथल्याच सर्वोच्च कर न्यायालयाने 2015 मध्ये चीनमध्ये शिकणाऱ्या एका मुलाच्या प्रकरणात किंडरगेल्ड मान्य केले, पण तिथे शिक्षणातून मिळालेल्या मोकळ्या काळाचा मोठा भाग मुलगा आईवडिलांच्या जर्मनीतल्या घरी घालवत होता, हे महत्त्वाचे ठरले. शिवाय तो सज्ञान विद्यार्थी होता. आईबरोबर दुसऱ्या देशात राहून शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला तोच निकष इतक्या सहज लागू होत नाही.

यावरून माझे मत असे, की आपण संपूर्ण रकमेसाठी भांडू नये. जून 2025 पर्यंतची बाजू मजबूत आहे: बेत तात्पुरता होता, किंडरगार्टनची जागा राखली होती, खोली तशीच होती आणि सुट्टी म्युनिकच्या घरात गेली. जून महिनाही आपल्याच पदरात पडतो, कारण पात्रता महिन्यात एक दिवस जरी असली तरी त्या महिन्याचा लाभ मिळतो. पहिलीतला प्रवेश मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. ज्या वर्षी मुलाने म्युनिकच्या शाळेत पाऊल ठेवायचे त्याच वर्षी तो पुण्यात शाळेत बसला आणि त्यानंतर डिसेंबरपर्यंत घरी आला नाही. तेव्हा जुलै ते डिसेंबर 2025 चे, दरमहा 255 प्रमाणे, 1,530 युरो मान्य करावेत आणि उरलेल्या 3,030 युरोंना, म्हणजे 2024 मधल्या सहा महिन्यांचे 1,500 व 2025 मधल्या पहिल्या सहांचे 1,530 यांना, हरकत घ्यावी.

कागद आता गोळा करा: सासूबाईंच्या उपचारांची कागदपत्रे, मूळ परतीची तिकिटे, किंडरगार्टनच्या शुल्काच्या पावत्या, आरोग्य विमा चालू असल्याचा दाखला आणि पुण्याच्या शाळेचे प्रवेशाच्या तारखांचे पत्र. परदेशातल्या घटना सिद्ध करण्याची जबाबदारी तिथला कायदा अर्जदारावर अधिक कडकपणे टाकतो. नोंदणीच्या अर्जात जून 2024 का लिहिले, याचे स्पष्टीकरण आपणच आधी द्या: तो प्रत्यक्ष प्रस्थानाचा महिना होता, घर सोडण्याचा निर्णय नव्हता.

हरकतीने वसुली आपोआप थांबत नाही. तिच्यासोबत अंमलबजावणी स्थगित करण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि शेवटी हरलात तर स्थगित रकमेवर महिन्याला अर्धा टक्का व्याज लागते, म्हणजे 3,030 युरोंवर सुमारे 15 युरो. मान्य केलेली रक्कम एकदम देणे जड असेल तर हप्त्यांची विनंती करता येते. हरकत फेटाळली गेल्यास कर न्यायालयात जायला पुन्हा एकच महिना मिळतो.

एक गोष्ट सांगायला अप्रिय आहे. परिस्थितीतला बदल तत्काळ कळवण्याचे बंधन आपल्यावर होते आणि ते आपण पाळले नाही. नियमांचे माहितीपत्रक वाचल्याचे अर्जावर आपण सही करून कबूलही केले आहे. म्हणून ‘नियम ठाऊक नव्हता’ असे लिहू नका. निष्काळजीपणा किंवा हेतू यांविषयी विचारणा करणारे वेगळे पत्र आले, तर त्याला स्वतः उत्तर न देता आधी वकील गाठा.

जे महिने हरकतीतून वगळाल त्यांचे सगळेच बुडाले असे नाही. आयकरातली मुलासाठीची वजावट मूल परदेशात असले तरी मिळते, फक्त भारतासाठी ती बरीच घटवून. 2025 च्या विवरणपत्रात ती मागा.

शेवटचा मुद्दा निवास परवान्याचा. ब्लू कार्डधारकाच्या कुटुंबीयांना सहाऐवजी सलग बारा महिने बाहेर राहण्याची मुभा आहे. पहिली गैरहजेरी त्याच्या आत संपली. दुसरी 4 जून 2025 पासून मोजली जात आहे, तेव्हा मेमधले तिकीट पुढे ढकलू नका. परंतु तात्पुरत्या नसलेल्या कारणासाठी देश सोडला तर परवाना त्याआधीही संपतो. यासाठी फामिलियनकासेला लिहिताना मूल ‘कायमचे भारतात गेले’ असे शब्द वापरू नका. ते आपल्या सांगण्याप्रमाणे खरेही नाहीत. जुलै 2025 पासून किंडरगेल्डपुरती निवासस्थानाची अट पूर्ण होत नव्हती, एवढेच लिहा. दोघे पोहोचताच नोंदणी करून त्याच महिन्यात किंडरगेल्डचा नवा अर्ज द्या. उशीर झालाच तर अर्जाच्या महिन्याआधीच्या फक्त सहा महिन्यांचे पैसे मागे जाऊन मिळतात.