तोलाचे खेळ आणि लहान मेंदू

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब होणारा आजार) आहे, चालताना झोक जातो. घरी वी बॅलन्स बोर्ड (टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमसाठी उभं राहायची फळी) आणलाय. त्याने मेंदूत खरंच काही बदलतं का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बदलतं. रोमच्या संशोधकांनी हाच आजार असलेल्या २७ जणांकडून १२ आठवडे घरी या बोर्डवर सराव करून घेतला. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘रेडिओलॉजी’त आले. लहान मेंदूतून (डोक्याच्या मागच्या बाजूचा, तोल सांभाळणारा भाग) निघणाऱ्या तंतूंच्या जुडग्यात पाण्याचे रेणू कसे सरकतात, हे खास एमआरआयने पाहिलं, तेव्हा तंतूंवरचं मायलिनचं आवरण सुधारल्याच्या खुणा दिसल्या. तोलही सुधारला. मात्र सराव थांबल्यावर फायदा टिकला नाही, म्हणून ताईंना झेपेल तेवढाच पण नियमित सराव ठरवा. औषधं चालूच ठेवायची.

बोर्डच्या चार कोपऱ्यांत वजन मोजणारे सेन्सर असतात. भार पायाखाली कुठे सरकला ते पडद्यावर लगेच दिसतं, चूक तिथल्या तिथे कळते आणि लहान मेंदू पुढची हालचाल सुधारतो.

बोर्ड सतरंजीवर नको, कोरड्या फरशीवर ठेवा. चालू करताना त्यावर पाय ठेवू नका, नाहीतर शून्य चुकतं. मागे भिंत, पुढे जड लाकडी खुर्ची (प्लास्टिकची सरकते) आणि शेजारी माणूस हवाच. खुर्चीला फक्त बोटं टेकवा. भार दिला तर खेळातले गुण वाढतात, तोल सुधारत नाही. भार घोट्यातून सरकवायचा. पुष्कळ जण कंबरेतून वाकतात आणि मग पाठ, गुडघे धरतात.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, मध्ये बसून. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये सकाळीच करा, कारण अंग तापलं की या आजारात नजर धूसर होते, पाय लटपटतात. गारव्यात बसल्यावर हे ओसरतं. नवा त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला तर न्यूरोलॉजिस्टना त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : मोबाईलवरचा तोलाचा खेळ चालेल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : अंगठ्याने खेळायचा असेल तर नाही, भार पायांवरच सरकायला हवा. बोर्ड नसेल तर काट्याचे दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवा, प्रत्येकावर एक पाय. दोन्ही काटे समान आणा, मग पाच किलो उजवीकडे, पाच डावीकडे. डिजिटल काटा आकडा धरून ठेवतो, तो इथे उपयोगी नाही.