इथे सगळं शांत आहे, मग हिला झोप का येत नाही?

सुरक्षित जागी पोचलेल्या माणसाला त्रास का व्हावा, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. २०२२ मध्ये युक्रेनहून परतलेल्या मेडिकलच्या मुलांच्या पालकांनी तो विचारला होता. पुढच्या वर्षी पुण्यातल्या एका घरमालकीण काकूंनी विचारला, "मॅडम, इथे हिच्या केसालाही धक्का लागलेला नाही. मग ही रात्र रात्र जागी का?"

ही म्हणजे त्यांच्याकडे कॉट बेसिसवर राहणारी मणिपूरची कुकी मुलगी. (ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदलले आहेत.) ३ मे २०२३ ला तिथे मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसा पेटली तेव्हा तिचे आईवडील इम्फाळमध्ये होते. घर जळालं, अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले आणि कुकीबहुल चुराचांदपूरच्या मदत छावणीत पोचले. तेव्हा साठ हजारांच्या आसपास माणसं अशी बेघर झाली.

मी आधी जेवणाचं विचारलं, कारण ताट तसंच झाकून ठेवते असं काकू म्हणाल्या होत्या. "आई तिकडे दोन्ही वेळा डाळ-भात खाते. मी इथे पनीर कसं खाऊ?" हे ती रडत नाही, हिशोब सांगावा तशी सांगत होती.

मग फोन. मणिपुरात मोबाइल इंटरनेट महिनोन्महिने बंद होतं, पण साधा कॉल लागायचा. आई रोज एकच सांगायची, "आम्ही ठीक आहोत, तू अभ्यास कर." हीसुद्धा म्हणायची, मी ठीक आहे. इकडे व्हॉट्सॲपवर मात्र खऱ्याखोट्याचा पूर. जुलैत दोन स्त्रियांच्या विटंबनेचा तो व्हिडिओ देशभर फिरला आणि तिची उरलीसुरली झोप गेली. आईचं 'ठीक' तिला पटत नव्हतं, आणि न सांगितलेल्या जागी ती सगळ्यात वाईट तेच भरत होती.

अशा वेळी घरातली मोठी माणसं मुलांना 'फोन बाजूला ठेव' म्हणतात. मी ते म्हणाले नाही. घरच्यांसाठी पहारा देणं एवढंच तिच्या हातात होतं, ते काढून घेतलं असतं तर उरलं काय असतं? त्याऐवजी आईशी करार करायला सांगितलं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी बोलायचं, काही लपवायचं नाही. एक अडचण सांगायची आणि दिवसातली एक साधी गोष्ट.

आईला हे पटवायला वेळ लागला. शेवटी तिने सांगितलं, बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. मुलगी त्या रात्री जागीच राहिली, पण हातात काम होतं. इम्फाळचा विमानतळ मैतेईबहुल खोऱ्यात, तिथे कुकींना पाय ठेवणं धोक्याचं. म्हणून मिझोरामच्या आयझॉलला उतरून डोंगरातल्या रस्त्याने चुराचांदपूर गाठायचं. त्या वाटेने निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर तिने गोळ्या पाठवल्या. त्या पोचल्याचं कळलं आणि कित्येक दिवसांनी ती सलग झोपली.

तिची रूममेट मैतेई. तिच्या घरच्यांना चुराचांदपूर सोडून बिष्णुपूरच्या छावणीत जावं लागलं होतं. पूर्वी दोघी एकत्र स्वयंपाक करायच्या, आता बोलणं बंद. "तुम्ही दोघींना समोरासमोर बसवा ना," काकूंचा आग्रह. मी साफ नकार दिला. हे काही बाथरूमच्या पाळीवरचं भांडण नाही, आणि एका खोलीत राहतात म्हणून त्या दोन पोरींनी सगळ्या राज्याचा समेट करून दाखवावा ही अपेक्षा मला जरा निर्दयच वाटते. काकूंकडे एवढंच मागितलं की खोल्या वेगळ्या करून द्या, भाडं न वाढवता. 'तिकडे चूक कोणाची?' हे जेवताना विचारू नका. त्यांनी दोन्ही पाळलं.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, खाणं सुटलं असेल किंवा 'मी का वाचले' असं कोणी म्हणू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. हिलाही काही काळ औषध लागलं. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर विनामूल्य आहे.

ती बरी झाली असं मी लिहिणार नाही, कारण शेवटची भेटली तेव्हाही आई छावणीतच होती. ती झोपते, जेवते, परीक्षा देते. आणि बाबांच्या गोळ्या कधी संपतात, याची तारीख तिच्याकडे लिहिलेली असते.