वॉल्थमस्टोचा 'अॅव्हेन्यू' क्लब आणि त्याचे शेजारी: हे जुने हौशी फुटबॉल क्लब गेले कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे: वॉल्थमस्टोला राहायला आल्यापासून जुन्या रहिवाशांच्या तोंडून 'द अॅव्हेन्यू' या फुटबॉल क्लबचं नाव ऐकू येतं, पण त्याचं मैदान नकाशावर सापडत नाही. मग तो क्लब होता तरी काय, आणि गेला कुठे? मी गेली बरीच वर्षं पूर्व लंडनच्या याच पट्ट्यात राहतो आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अॅव्हेन्यू म्हणजे वॉल्थमस्टो अॅव्हेन्यू. प्रिटोरिया अॅव्हेन्यूवरच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९०० साली काढलेला क्लब. मैदान ग्रीन पॉन्ड रोडला होतं. १९८८ मध्ये क्लबचं विलीनीकरण झालं आणि मैदानावर घरं उभी राहिली, म्हणून ते तुम्हाला सापडत नाही. पण एकट्या अॅव्हेन्यूची गोष्ट सांगून भागत नाही. लेटन, लेटनस्टोन आणि इलफर्ड हे तीन शेजारी क्लब सोबत घेतले, तरच ती नीट कळते.

सुरुवात फुटबॉलपासून नाही, रेल्वेपासून करावी लागते. ग्रेट ईस्टर्न रेल्वेला लंडनमधल्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकापर्यंत मार्ग न्यायचा होता आणि त्यासाठी मजुरांची घरं पाडावी लागणार होती. त्या बदल्यात संसदेने १८६४ मध्ये अट घातली की कंपनीने कामगारांसाठी पहाटेच्या स्वस्त गाड्या चालवाव्यात, जाऊन-येऊन दोन पेनी भाड्यात. या गाड्यांनी वॉल्थमस्टोचं रूप पालटलं. खेड्यासारखी वस्ती होती ती १९०१ च्या जनगणनेत ९५ हजारांच्या घरात गेली. कारकून, छापखान्यातले कामगार, सुतार, दुकानांतले नोकर अशी माणसं एकसारख्या घरांच्या लांबच लांब रांगांत राहायला आली. शहर नवं, शेजारी अनोळखी, शनिवारी दुपारनंतर सुट्टी. अशा ठिकाणी शाळा, चर्च आणि कारखाने यांच्याभोवती संघ निघाले नसते तरच नवल. इलफर्डचा क्लब त्याआधीचा, १८८१ चा. लेटनस्टोनचा १८८६ चा. लेटनवाले आपला जन्म १८६८ चा सांगायचे. (व्यावसायिक लेटन ओरिएंट वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नका.)

खेळाडूंना पैसे द्यायला फुटबॉल असोसिएशनने (एफए, इंग्लंडमधल्या फुटबॉलची नियामक संस्था) १८८५ मध्ये परवानगी दिली. तिथून दोन वाटा झाल्या. जवळच्याच थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचा संघ पैशाच्या वाटेने गेला आणि १९०० मध्ये वेस्ट हॅम युनायटेड झाला. आपले उपनगरी क्लब हौशी राहिले. त्यांच्यासाठी १८९३-९४ पासून अॅमेच्युअर कप सुरू झाला आणि १९०५ मध्ये इस्थमियन लीग निघाली, जिच्या संस्थापकांत इलफर्ड होता. मान मिळाला म्हणजे पुरे, हे या लीगचं ब्रीद. सुरुवातीला विजेत्यांना चषक नव्हता की पदकं नव्हती.

या पट्ट्याचा दबदबा किती होता? १९२७ आणि १९२८ चा अॅमेच्युअर कप लेटनने जिंकला, १९२९ आणि १९३० चा इलफर्डने. सलग चार वर्षं देशातला सर्वोत्तम हौशी संघ दोन शेजारी गावांपैकी एकाचा होता, आणि १९२९ ची अंतिम लढत तर या दोघांमध्येच झाली. युद्धानंतर १९४७ आणि १९४८ चा कप लेटनस्टोनने नेला.

मग आलं १९५२. अॅमेच्युअर कपचा अंतिम सामना तेव्हा वेम्बलीवर व्हायचा. त्या वर्षी समोरासमोर आले वॉल्थमस्टो अॅव्हेन्यू आणि लेटन, म्हणजे पायी जाता येईल इतक्या अंतरावरचे दोन क्लब. कोल्हापूरकर वाचकांना सांगायचं तर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचा सामना, पण शाहू स्टेडियमऐवजी देशातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर. प्रेक्षक एक लाख! जादा वेळेत अॅव्हेन्यूने २-१ असा विजय मिळवला. त्या संघात ट्रेव्हर बेली होता. हो, इंग्लंडच्या कसोटी संघातला तोच अष्टपैलू खेळाडू. हिवाळ्यात तो अॅव्हेन्यूकडून फुटबॉल खेळायचा. एक लाख माणसं तिकीट काढून ज्यांचा खेळ बघायला आली, त्यांतले बहुतेक सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर होणार होते. हा आकडा मला आजही थक्क करतो.

पुढच्याच हंगामात याहून मोठी गोष्ट घडली. एफए कपमध्ये, म्हणजे व्यावसायिकांसह सगळ्यांना खुल्या असलेल्या स्पर्धेत, अॅव्हेन्यूने वॉटफर्डला आणि स्टॉकपोर्ट काउंटीला हरवलं आणि चौथ्या फेरीत गाठ पडली मँचेस्टर युनायटेडशी. युनायटेड तेव्हा गतविजेता लीग चॅम्पियन, व्यवस्थापक मॅट बझ्बी. जानेवारी १९५३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सामना १-१ असा सुटला. अॅव्हेन्यूचा गोल जिम लुईसचा. फेरसामना आर्सेनलच्या हायबरी मैदानावर झाला. त्यात युनायटेड ५-२ ने जिंकलं, पण अॅव्हेन्यूचे दोन्ही गोल पुन्हा लुईसनेच केले. हाच लुईस चेल्सीकडूनही हौशी म्हणूनच खेळला आणि १९५४-५५ मध्ये लीग जिंकणाऱ्या चेल्सी संघात होता. तुम्हाला भेटणारे जुने रहिवासी बहुधा या दिवसांबद्दल किंवा या दिवसांविषयी वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टींबद्दल बोलत असतील.

इथे आपल्या देशाचाही एक धागा आहे, आणि तो फार कमी भारतीयांना ठाऊक असतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे काही फुटबॉल सामने याच हौशी मैदानांवर झाले. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा ऑलिंपिकमधला पहिला सामना ३१ जुलै १९४८ रोजी इलफर्डमध्ये झाला, फ्रान्सविरुद्ध. कर्णधार होता नागा टेकड्यांतून आलेला, पुढे डॉक्टर झालेला तालिमेरेन आओ. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. भारताचा गोल सारंगपाणी रामनने केला, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्स २-१ ने जिंकला. आमच्या भागात याची आठवण ठळकपणे जपली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मग हे सगळं संपलं कसं? दोन कारणं, आणि माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं.

पहिलं कारण पैसा. 'हौशी' हा शब्द कागदावर उरला होता. सामना झाला की खेळाडूच्या बुटात नोटा ठेवलेल्या असायच्या, प्रवासखर्चाच्या नावाखाली पगार दिला जायचा, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी असोसिएशनने १९७४ मध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. अॅमेच्युअर कपही त्याच वर्षी संपला. शेवटच्या अंतिम सामन्यात बिशप्स स्टॉर्टफर्डने ४-१ ने हरवलं ते इलफर्डला. प्रेक्षक ३० हजारांच्या आसपास होते. घरोघरी टीव्ही आले होते, मोटारी आल्या होत्या, शनिवारची दुपार घालवायला दुसरे मार्ग निघाले होते.

दुसरं कारण जमीन. शेताच्या कडेला घेतलेली ही मैदानं आता भर वस्तीत आली होती. तिकीटविक्री घटली, उभं राहायच्या पायऱ्या मोडकळीला आल्या आणि मैदानाच्या जागेची किंमत मात्र वाढत राहिली. इलफर्डचं लिन रोड, लेटनस्टोनचं ग्रॅनली रोड, अॅव्हेन्यूचं ग्रीन पॉन्ड रोड, तिन्ही ठिकाणी आज घरं आहेत. घरांची गरज मला मान्य आहे, मीही अशाच घरात राहतो. पण क्लब माणसांवर चालतो हे अर्धंच खरं. पायाखाली स्वतःची जागा नसेल तर माणसं विखुरतात, आणि या तिन्ही गावांत तेच झालं.

विलीनीकरणांचा क्रम थोडक्यात सांगतो. १९७९ मध्ये लेटनस्टोन आणि इलफर्ड एकत्र आले. १९८८ मध्ये त्यांत वॉल्थमस्टो अॅव्हेन्यू मिळाला. पुढच्या वर्षी नाव ठेवलं रेडब्रिज फॉरेस्ट, म्हणजे रेडब्रिज आणि वॉल्थम फॉरेस्ट या लंडनच्या दोन बरोंची (स्थानिक प्रशासनाच्या विभागांची) नावं जोडून. हा संघ डॅगनमच्या व्हिक्टोरिया रोड मैदानावर गेला आणि १९९२ मध्ये डॅगनम क्लबशी एक होऊन डॅगनम अँड रेडब्रिज झाला. त्या क्लबने २००७ मध्ये थेट व्यावसायिकांच्या फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळवला आणि २०१६ पर्यंत तिथे टिकला. लेटनचं नाव आणखी काही वळणं घेत २०११ मध्ये बंद पडलं.

आता यांतलं काय बघता येईल? वॉल्थमस्टो एफसी नावाचा क्लब वॉडम लॉजला खेळतो. तो अॅव्हेन्यूचा थेट वारस नाही, पण गावाचं नाव जर्सीवर आहे आणि तिकीट परवडतं. माझा आग्रह मात्र फॉरेस्ट गेटच्या ओल्ड स्पॉटेड डॉग मैदानासाठी. तिथे पाच वेळा अॅमेच्युअर कप जिंकलेला क्लॅप्टन क्लब खेळायचा. १९०९ च्या विजेत्या संघात वॉल्टर टुल होता, जो पुढे ब्रिटिश सैन्यात अधिकारी झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी एक. हे मैदानही हातचं जाईल अशी वेळ आली तेव्हा प्रेक्षकांनीच २०१८ मध्ये क्लॅप्टन कम्युनिटी एफसी हा सभासदांच्या मालकीचा क्लब उभा केला आणि २०२० मध्ये मैदान विकत घेतलं. ग्रीन पॉन्ड रोडला जे जमलं नाही, ते इथे झालं.

जायचं असेल तर हंगामातल्या शनिवारी दुपारी तीनच्या आधी पोहोचा. वेळापत्रक क्लबच्या पानावर बघून निघा, कारण पाऊस झाला की चिखलामुळे सामने ऐनवेळी रद्द होतात. आणि तिथे साठी-सत्तरीतलं कोणी शेजारी उभं असेल तर अॅव्हेन्यूचं नाव काढा, मध्यंतरापर्यंत गप्पा संपणार नाहीत.