झिंक ऑक्साइडची फिल्म करायला अ‍ॅसिटेट, नायट्रेट की क्लोराइड?

तुमचा प्रश्न असा आहे की तिन्ही क्षारांतून शेवटी झिंक ऑक्साइडच मिळणार, मग कपाटात जी बाटली असेल ती वापरली तर काय बिघडतं? एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना, तोच षटकोनी वुर्टझाइट (झिंक ऑक्साइडची नेहमीची स्फटिकरचना) दिसेल, हे खरं. पण झिंकबरोबर आलेला ऋण आयन कधी आणि कोणत्या रूपात बाहेर पडतो, त्यावर फिल्मचा, म्हणजे काचेवरच्या पातळ थराचा, पोत, पारदर्शकता आणि रोध ठरतो. मी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात स्प्रे पायरोलिसिसवर (तापलेल्या काचेवर क्षाराचं द्रावण फवारून फिल्म करायची पद्धत) काम केलंय, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

अ‍ॅसिटेट तापवल्यावर पाणी सोडतं, मग विघटन पावतं आणि जाताना वायूच होतो. त्यामुळे 400 अंशांच्या आसपास गुळगुळीत, पारदर्शक फिल्म मिळते आणि एक्सआरडीत बहुधा (002) शिखर उठून दिसतं, म्हणजे स्फटिक काचेवर उभे रचलेले असतात. क्लोराइडचं तसं नाही. त्याला वाफेशी अभिक्रिया करून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडावं लागतं. तापमान कमी पडलं तर क्लोरीन फिल्ममध्येच राहतो, आणि ऑक्सिजनच्या जागी बसला तर इलेक्ट्रॉन वाढवतो. मग रोध कमी आला की लोक डोपिंगचं (परका अणू मिसळून वाहकता वाढवण्याचं) श्रेय भलत्याच गोष्टीला देतात. तापमान पुरेसं वाढवलं तर याच क्लोराइडमधून ठसठशीत षटकोनी दांड्या उगवतात. सेन्सरसाठी त्या चांगल्या, पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी नकोत. आम्लाची वाफ नोझल आणि हॉटप्लेट खाते, तेव्हा एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय क्लोराइडची फवारणी करू नका.

म्हणूनच तिन्ही क्षार एकाच तापमानावर फवारून केलेली तुलना मला पटत नाही. त्यात क्षारापेक्षा विघटन किती पूर्ण झालं हेच मोजलं जातं. प्रत्येकासाठी तापमानांची छोटी मालिका घ्या, आणि ईडीएसमध्ये (फिल्ममध्ये कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारी तपासणी) क्लोरीन उरला आहे का ते तपासा.

नॅनोरॉड, म्हणजे अतिसूक्ष्म दांड्या, हव्या असतील तर नायट्रेट आणि हेक्सामिन समप्रमाणात घेऊन 90 अंशांच्या बाथमध्ये वाढवायची रीत उत्तम. हेक्सामिन हळूहळू अमोनिया सोडतं, नायट्रेट मध्ये फारसं पडत नाही आणि दांडी उभी वाढते. त्याआधी काचेवर सीड लेयर (दांड्या जिथून उगवतात तो झिंक ऑक्साइडचा पातळ थर) लागतो, आणि तो अ‍ॅसिटेटचाच बरा. उलट इलेक्ट्रोडिपॉझिशनच्या (विजेच्या प्रवाहानं थर चढवण्याच्या) बाथमध्ये क्लोराइड भरपूर असेल तर ते दांडीच्या टोकाच्या पृष्ठाला चिकटून उभी वाढ रोखतं आणि चपट्या पाकळ्या मिळतात. म्हणजे क्लोराइड म्हटलं की दांड्या, असा नियम नाही. पद्धत बदलली की तोच आयन उलटं काम करतो.

सल्फेट स्प्रेसाठी घेऊच नका. ते पूर्ण मोडायला 800 अंशांच्या वर जावं लागतं, तोवर साधी काच मऊ पडते.

आता कोल्हापुरातल्या पावसाळ्याचं. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघडलेल्या बाटलीतलं नायट्रेट ओलं होतं, क्लोराइडचा तर चिखल होतो. 100 मिली 0.1 मोलर द्रावणाला अ‍ॅसिटेट डायहायड्रेट 2.195 ग्रॅम, नायट्रेट हेक्साहायड्रेट 2.975 ग्रॅम आणि निर्जल क्लोराइड 1.363 ग्रॅम लागतं. पण ओल्या क्षाराचं हेच वजन घेतलं तर झिंक कमी पडतं, फिल्म पातळ येते आणि तुम्ही दोष देता प्रीकर्सरला, म्हणजे निवडलेल्या क्षाराला. द्रावण केल्यावर ईडीटीएनं (झिंकला बांधून ठेवणारं रसायन) टायट्रेशन करा: पीएच 10 चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक, आणि वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा येईपर्यंत थांबा. थोडाच वेळ लागतो, आणि तिन्ही द्रावणांत झिंक खरंच सारखं आहे हे कळतं.

अ‍ॅसिटेटचं पाण्यातलं द्रावण गढूळ झालं तर अ‍ॅसेटिक आम्लाचे थेंब टाका, पण किती टाकले ते वहीत लिहा, कारण त्यानंही पोत बदलतो. एकच बाटली मागवायची असेल तर अ‍ॅसिटेट मागवा. फक्त बाथमधले नॅनोरॉडच करायचे असतील तर नायट्रेट, आणि ते डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं बंद भांडं) ठेवा.