पेन्शनचे पैसे काढून घेऊ का?

माझा मूळ पगार १५,००० आहे. पीएफसाठी माझे १,८०० कापतात, पण पासबुकात कंपनीचे ५५०च दिसतात. बाकीचे कंपनी खाते का? (भोसरी)

नाही. दर वेळी हाच प्रश्न येतो. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात. त्यांवर व्याज नाही आणि शिल्लकही साठत नाही. ५८ व्या वर्षी सूत्राने पेन्शन बसते: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार, गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार १५,०००पर्यंतच धरतात. मात्र एखादा महिना कोराच दिसला, तर आधी कंपनीला विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर थेट पीएफ कार्यालय गाठा.

किमान पेन्शन ७,५०० झाल्याचा मेसेज आलाय. कधीपासून मिळेल? (अकोला)

झालेली नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० आहे. ७,५०० ही बुलढाण्याहून चाललेल्या पेन्शनधारकांच्या आंदोलनाची मागणी आहे. माझ्या मते ती रास्तही आहे, पण मागणी म्हणजे अधिसूचना नव्हे. मेसेज पुढे पाठवू नका.

५० पूर्ण झाली, नोकरी सुटली. आत्ताच पेन्शन सुरू करावी का? (इचलकरंजी)

अगदी अडल्याशिवाय नको. ५८ च्या अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. अर्ज भरण्याआधी कार्यालयातून दोन्ही वयांचे आकडे काढून घ्या.

चाकणची कंपनी सात वर्षांनी सोडली. वय ४५. पुढच्या महिन्यात दुसरीकडे रुजू होतोय. एजंट म्हणतो, दहा वर्षं भरली नाहीत, पेन्शनचे पैसे बुडतील, १०-सी भरून काढून घ्या. पाच टक्के मागतोय. (राजगुरुनगर)

त्या एजंटाचा फोन उचलू नका. दहा वर्षांची अट एकूण सेवेची आहे, एकाच कंपनीतल्या सेवेची नाही.

आता हिशेब. सात वर्षांच्या सेवेला पेन्शन योजनेच्या कोष्टकाप्रमाणे पगाराच्या ७.५४ पट, म्हणजे १५,००० धरून १,१३,१०० रुपये आज हातात येतील आणि ती सात वर्षं पुसली जातील. पगारमर्यादा आहे तीच धरली, तर पुढच्या १३ वर्षांची पेन्शन महिना २,७८६ बसते. सात वर्षं जोडून घेतलीत तर सेवा २० होते. वीस पूर्ण झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात आणि पेन्शन ४,७१४ वर जाते. फरक महिना १,९२८ रुपये, तहहयात. तुमच्या मागे पत्नीला साधारण निम्मी.

‘बँकेत ठेवून तेवढंच व्याज काढीन’ म्हणणारे भेटतात. कागदावर ते जमतंही. पण तेरा वर्षं त्या पैशाला हात न लावलेला माणूस मला अजून भेटायचाय. बारसं येतं, बाईक येते, बोअर कोरडी जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे ९.९ टक्के होते, देशात ८.६. तेव्हाच आपण पुढे होतो. एकुलत्या मुलाच्या पगारावर घराचा हप्ता, नातवंडांची फी आणि दोन्हीकडचे आईवडील हे गणित ज्याने मांडून पाहिलंय, तो ‘पोरगा बघेल’ असं म्हणत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर पेन्शनची रक्कम काढण्याआधी थांबायची मुदत २ महिन्यांवरून ३६ महिने करायचं ठरवलं, तर केवढी ओरड झाली! मला ते उशिरा सुचलेलं शहाणपण वाटतं.

आणखी एक. नवी नोकरी हातात असताना पैसे काढण्यासाठी बेकार असल्याचं लिहून देणं म्हणजे खोटं लिहून देणं. सही तुमची असते, एजंटाची नाही. शिवाय अर्ज पोर्टलवर फुकट भरता येतो, मग पाच टक्के कशाचे? नव्या कंपनीला जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक द्या. मध्ये मोठा खंड पडला तर त्याच १०-सीवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा पुढे जोडून घेण्याचा दाखला मागा. जुनी कंपनी सोडल्याची तारीख नोंदली गेलीय का, एवढं मात्र पीएफ कार्यालयात जाऊन याच आठवड्यात बघा.

लग्नाआधी आईचं नाव वारस म्हणून लावलं होतं. बदलावं लागेल? (नाशिक)

हो, आजच. लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर बाद धरतात. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर नव्या नोंदीत तिचाही हिस्सा ठेवता येतो. पीएफसोबतच्या विम्याचे ७ लाखांपर्यंतचे पैसेही वारसालाच मिळतात. ‘दिवाळीनंतर करू’ म्हणून राहिलेल्या नोंदींपायी बायकामुलं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवताना मी पाहतो. आधारवरच्या नावात फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा.

वडील ७१ वर्षांचे, पेन्शन १,२०० रुपये. श्रावणबाळ योजना लागू होईल का? (लातूर)

वय बसतं, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,०००च्या आत हवं. तुम्ही कमावते असाल तर अवघड आहे. तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारून घ्या. मात्र सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते आधी काढा आणि जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे हे वडील धडधाकट असतानाच विचारून ठेवा.